कापलेला कोपरा

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मालकसाहेब. प्रमुख पाहुणे म्हणून आलेले आणि या प्रदर्शनाची पुस्तिका लिहून देणारे कलासमीक्षक महोदय. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना हजेरीपट सोडला तर सगळीकडे फुंकरराव म्हणतात, ते आमचे चित्रकार. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी. आणि संपादकीय, जाहिरात, छपाई, वितरण अशा चार मजल्यांवरून फुंकररावांच्या प्रेमापोटी, आणि थोडंसं चहा आहे असं कळल्यामुळे, खाली उतरलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी हे दोनदा बजावलं. कार्यकारी संपादकाला वेळ कमी दिला की तो आटोपतं घेतो, असा त्यांचा समज दिसतो. ताई, आज चिठ्ठी पाठवू नका. मी ती वाचणार नाही.

नव्या मंडळींसाठी सांगतो, की फुंकरराव हे टोपणनाव मी ठेवलेलं आहे. आमची टेबलं शेजारी-शेजारी. हे पेन्सिलीनं काढणार, खोडणार, आणि खोडलं की कागदावर एक लांब फुंकर मारणार. तो सगळा भुगा थेट माझ्या चहात. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, तिकडे फुंका की!" तर म्हणाले, "तिकडे जाहिरात विभाग बसतो. त्यांच्या चहात काही पडलं तर अंक बंद पडेल. तुमच्या चहात पडून काय होणार?" माणूस बोलतो कमी, पण बोलला की समोरच्यानं उत्तर शोधत घरी जावं.

यांचं काम काय होतं? आपलं सायंदैनिक. दुपारी एकला अंक बाहेर पडतो. सकाळी काहीतरी घडतं, तिथे आपला छायाचित्रकार पोचलेला नसतो, आणि वाचकाला तर चित्र हवं असतं. मग चित्र फुंकरराव काढायचे. एकतीस वर्षं या शहरात जे जे घडलं आणि कुणी पाहिलं नाही, ते ते यांनी पाहिलं. दार फोडणारा चोर, जिन्यात कोसळलेली बाई, लिफ्टमध्ये अडकलेले सहा जण. हात असा, की माणूस नुसता पाठमोरा काढला तरी तो घाबरलाय हे त्याच्या मानेवरून कळावं. आणि प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरात एक शब्द: कल्पनाचित्र.

चित्र हातात देताना त्या कोपऱ्यावर बोट ठेवून हे म्हणायचे, "शब्द आहे. बघून घ्या." समोरच्यानं "आहे" म्हटलं की मगच कागद सोडायचे. परवा आलेल्या आमच्या नव्या उपसंपादक मुलीनं मला विचारलं, "सर, काका असं का करतात? विसरभोळे आहेत का?" मी म्हटलं, "जुन्या माणसांच्या असतात अशा सवयी."

खोटं बोललो. ही सवय जुनी नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी लागलेली होती, आणि लावणारा मी होतो.

असो. आधी भिंतींवर काय लावलंय त्याबद्दल बोलायला हवं. नाहीतर समीक्षक महोदय म्हणतील, संपादकाला कलेत गती नाही. नाहीच आहे. ही जी चाळीस तैलचित्रं आहेत, ती फुंकररावांनी कचेरीतून घरी गेल्यावर आणि सुटीच्या दिवशी काढली, कुणाला न दाखवता. आमच्यातल्या एकालाही पत्ता नव्हता. आपण बातम्यांचा धंदा करतो, हे इथे लक्षात घ्यावं.

पुस्तिकेत लिहिलंय, "माध्यमग्रस्त समाजमानसातील दृश्यभयाची आकृतिप्रधान मांडणी." हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा पाणी प्यायलो. महोदय, हसताय, आभारी आहे. पण तुम्ही चुकलेले नाहीत. भय आहेच. हे डावीकडचं मोठं चित्र बघा. दाताच्या दवाखान्यातली बाहेरची खोली. अकरा माणसं भिंतीवरचा टीव्ही बघतायत, त्याचा निळा उजेड त्यांच्या दातांवर पडलाय. त्यांच्या हातांकडे बघा. मांडीवर स्वस्थ एकही हात नाही. सगळे असे, जणू आत्ता उठून कुणालातरी धरायचंय. त्याच्या शेजारी लिफ्ट. सहा माणसं, सहा मोबाइल. पलीकडे जेवणाचं टेबल. आई, बाप, मुलगी, आजोबा, सगळे एकाच बातमीत मान घालून, आणि ताटातलं निवत चाललंय. चेहरे नीट बघा, ओळखीचे निघतील. दवाखान्यात आपले मुद्रितशोधक आहेत. रांगेच्या चित्रात कॅन्टीनच्या व्यवस्थापकबाई आहेत. त्यांनी मघाशी तक्रारही केली, की मला जाड काढलंय. लिफ्टमध्ये मी आहे. मी मोबाइल बघत नाही, घड्याळ बघतोय.

आणि प्रत्येक चित्रात एक माणूस आहे, ज्याचा चेहरा दिसत नाही. किरकोळ अंगाचा, मधल्या वयाचा. त्यानं कापडी पिशवी तोंडासमोर धरलेली आहे. चाळीस चित्रं, चाळीस वेळा तो. पुस्तिका त्याला "अनामिक आधुनिक मानवाचं प्रतीक" म्हणते. प्रतीक वगैरे काही नाही हो. तो शेगडी दुरुस्त करणारा होता.

मालकसाहेब, तुम्ही घड्याळाकडे बघितलंत. एकोणीस वर्षांपूर्वी कारभार थोरल्या मालकांकडे होता, तुम्ही शिकत होतात. म्हणून सगळं सांगतो.

त्या आठवड्यात शहरभर अफवा होती, की कुणीतरी मुलं पळवतंय. फोनवरून निरोप फिरत होते. शाळांच्या फाटकांबाहेर आयांची गर्दी. पोलीस म्हणत होते, अशी एकही तक्रार आलेली नाही. ते आम्ही छापलं, पाचव्या पानावर. पहिल्या पानावर आम्हाला माणूस हवा होता. मी तेव्हा पहिल्या पानाचा उपसंपादक, वय बत्तीस, अंगात वारं शिरलेलं. मी फुंकररावांच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, "मुलं पळवणारा काढा."

"दिसतो कसा?"

"मधलं वय, किरकोळ अंगकाठी, खांद्याला पिशवी."

"हे तर बसथांब्यावरच्या निम्म्या रांगेचं वर्णन झालं."

"मग निम्म्या रांगेचा काढा, पण पावणेबाराला द्या."

पावणेबाराला चित्र आलं. काय चित्र होतं! वाकून चालणारा माणूस, मान वळवून बघणारा, खांद्याला पिशवी. बघताक्षणी आईनं मुलाचं बोट घट्ट धरावं. आणि कोपऱ्यात नेहमीचा शब्द.

मी पान लावायला बसलो, तेवढ्यात गाद्यांची एक जाहिरात वाढली. चित्राला खालून एक सेंटिमीटर जागा कमी पडायला लागली. माणसाचे पाय कापता येत नव्हते, कारण चोर चालतोय हे दिसायला हवं होतं. पानरचनाकारानं चित्र जरा वर सरकवलं, डावीकडून आत घेतलं. मग उरला तो उजवा कोपरा. मी मूळ चित्रावर निळ्या पेन्सिलीनं रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "इथून काप."

आता जे सांगतोय ते मी या इमारतीत आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो शब्द मला दिसला होता. रेघ मारताना तो माझ्या पेन्सिलीच्या टोकाखाली होता. मला वाटलं, शब्द गेला तर चित्र जास्त खरं वाटेल. वाटलं म्हणजे काय, वाटलंच.

अंक त्या दिवशी दोनदा छापावा लागला. थोरल्या मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

तिसऱ्या दिवशी एका वसाहतीत शेगडीवाले गेले. त्या वसाहतीत ते दहा वर्षं जात होते. निम्म्या घरांच्या शेगड्या त्यांच्या हाताखालून गेलेल्या. फाटकापाशी कुणीतरी आपला अंक पुढे धरला आणि त्यांच्याकडे बघितलं. मग दुसऱ्यानं बघितलं. पुढचं मी वर्णन करून सांगणार नाही. वर्णनांनी काय होतं ते आपण बघितलंय. त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं कायमची वाकडी झाली आणि एका कानानं ऐकू येईनासं झालं. त्यांच्या पिशवीत दोन बर्नर, तारेचा ब्रश आणि रबरी नळी सापडली. दुसऱ्या दिवशी आपल्याच बातमीत ते "संशयास्पद साहित्य" होतं. मारणाऱ्यांतल्या एका बाईंच्या घरी त्या नळीची वाट बघत शेगडी बंद पडलेली होती.

मुलं? कुणाचंच मूल हरवलं नव्हतं.

मग ओरडा झाला. तेव्हाच्या संपादकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. फुंकररावांना विचारलं, "चित्रावर शब्द लिहिला होतात का?" हे म्हणाले, "आठवत नाही." मी शेजारी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं, "लिहिला होता, मी कापला." चार शब्द. आमच्या धंद्यात याहून लांब मथळे असतात.

खुलासा छापून आला: "चित्रकाराच्या नजरचुकीने कल्पनाचित्र असा उल्लेख राहून गेला. दिलगीर आहोत." चौथ्या पानावर, तळाशी. त्या ओळी लिहिल्या कुणी? पहिल्या पानाच्या उपसंपादकानं. भाषा बरी असते माझी.

त्या दिवसापासून फुंकररावांच्या चित्राखालचं नाव काढून टाकण्यात आलं. एकोणीस वर्षं रोज एक चित्र, आणि कुणाचं ते कुठे लिहिलेलं नाही. कला विभागाचं प्रमुखपद दोनदा यांच्यावरून पुढे गेलं. आणि मी? मी उपसंपादक होतो, मुख्य उपसंपादक झालो, वृत्तसंपादक झालो, आज कार्यकारी संपादक म्हणून यांच्या निरोपाला चार गौरवाचे शब्द बोलायला उभा आहे. शेगडीवाले शहर सोडून गेले. त्यांचं नाव आपण एकदाही छापलं नाही. आधी ते "संशयित" होते, मग "जखमी इसम", मग काहीच नाही.

पाणी नको. बसा तुम्ही, बसा.

आठ दिवसांपूर्वी या प्रदर्शनासाठी मी फुंकररावांचं कचेरीतलं कपाट उघडलं. किल्ली त्यांनीच दिली होती. तळाच्या खणात एक पाकीट निघालं, वर फक्त तारीख. आत ते चित्र. आणि कोपऱ्यात शब्द, शाबूत. त्यावर निळी रेघ, आणि शेजारी माझं अक्षर: "इथून काप."

दर शनिवारी हे आपली मूळ चित्रं छपाईतून परत घेऊन कपाटात ठेवायचे, हे मी विसरलो होतो. म्हणजे त्या घटनेच्याच आठवड्यात यांना सगळं कळलेलं होतं. एकोणीस वर्षं रोज हे माझ्यासमोर उभे राहून कोपऱ्यावर बोट ठेवत होते, आणि मी मनात म्हणत होतो, बिचारा, अजून स्वतःला दोष देतोय.

मी पाकीट घेऊन तडक यांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं, पाकीट बघितलं आणि म्हणाल्या, "फार उशीर केलात भाऊजी." आत गेल्यावर मी यांना विचारलं, "तेव्हा बोलला का नाहीत? 'आठवत नाही' का म्हणालात?"

हे ब्रश धूत होते. म्हणाले, "खरंच आठवत नव्हतं. शनिवारी कळलं."

"मग शनिवारी सांगायचं! मला फाडून खायचं!"

"कोपरा तुम्ही कापलात," हे म्हणाले, "चेहरा मी दिला."

मला कळेना. मग यांनी सांगितलं. त्या दिवशी सकाळी शेगडीवाले यांच्याच घरी आले होते. बर्नर साफ करून गेले, जाताना वहिनींकडे पाणी मागून प्यायले. हात घरी जे बघतो ते कचेरीत काढतो. पावणेबाराची घाई, चेहरा कुठून आणणार? समोरचा उचलला. "मी निम्म्या रांगेचा काढला नाही हो," हे म्हणाले. "मी एकाचाच काढला. हुबेहूब काढला. शब्द असता तरी कोण वाचणार होतं? लोक चेहरा बघतात."

समीक्षक महोदय, तुमच्या पुस्तिकेत एवढं वाक्य घालता आलं तर बघा.

हे पूर्वी एकदा शेगडीवाल्यांच्या नव्या गावी जाऊन आले होते. दाराला साखळी होती, ती तशीच ठेवून त्यांच्या बायकोनं फटीतून सांगितलं होतं, "त्यांना कुणी बघितलेलं सहन होत नाही." हे परत आले, आणि या चित्रांना सुरुवात झाली. तेव्हापासून यांनी त्यांचा चेहरा पुन्हा काढलेला नाही. ती पिशवी यांनी धरायला दिलेली आहे.

मी म्हटलं, आता खरा खुलासा छापतो, पहिल्या पानावर. शेगडीवाल्यांचं नाव घालून. हे म्हणाले, "नाव छापायचं तर विचारावं लागेल." म्हणून रविवारी आम्ही दोघं बसनं गेलो. चार तास. वाटेत बोललो असू तर तिकिटापुरतंच. तीच साखळी. शेगडीवाले तीन वर्षांपूर्वीच वारले, हे आम्हाला त्या फटीतून कळलं. मी माझं म्हणणं मांडलं. या वेळी भाषा बरी नव्हती.

त्या बाई म्हणाल्या, "आता कशाला?"

मी म्हटलं, "चूक आमची होती, हे छापायचंय."

"किती दिवस छापणार?"

"एक दिवस. पहिल्या पानावर."

त्या म्हणाल्या, "ते चित्र पण एकच दिवस होतं ना?"

यावर काय बोलायचं? बंधुभगिनींनो, तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर मला सांगा. आम्ही दोघं जिन्याकडे वळलो. शेवटी त्याच म्हणाल्या, "छापा. पण चित्र नको." आणि दार लावून घेतलं.

आज सकाळी मजकूर लिहिला. शेवटी मी घातलं होतं, "या प्रकरणी चित्रकार पूर्णपणे निर्दोष होते." कच्चा छाप फुंकररावांना दाखवला. यांनी पेन्सिल घेतली आणि ते वाक्य खोडलं. त्याजागी लिहिलं, "चेहरा खऱ्या माणसाचा होता. तो मी काढला." खाली सही केली. एकोणीस वर्षांनी आपल्या अंकात यांचं नाव छापलं गेलंय, ते असं.

मालकसाहेब, तुम्ही सचिवांच्या कानात काहीतरी सांगताय. पान एक वाजता सुटलं. आता ते कुणालाच थांबवता येणार नाही. आजच्या अंकाचे गठ्ठे दाराशी आहेत. आपल्याला विचारलं नाही, ही माझी आगळीक. विचारलं असतं तर ते चौथ्या पानावर तळाशी गेलं असतं. मी राजीनामा दिलेला नाही. देऊन सुटायचं, हे मला फार सोपं वाटलं. काढायचं असेल तर जरूर काढा, फक्त काढताना कारण छापा. आपण फुंकररावांना मघाशी भेट म्हणून एवढा मोठा टीव्ही दिलात, त्याबद्दल मात्र मी आपले मनापासून आभार मानतो. भिंतीवरची चित्रं बघूनही आपण तो दिलात, याला मोठं मन लागतं.

समीक्षक महोदयांचे आभार, चहा करणाऱ्यांचे आभार, ताईंचे विशेष आभार; तीन चिठ्ठ्या आल्या, तिन्ही खिशात आहेत. वहिनी, उशीर झाला हे खरं.

भाषणात कुणाला लागेल असं बोललो असेन, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभागृहानं उदार मनानं सोडून द्यावं. एवढं मागायचा वक्त्याला अधिकार असतो. त्यापलीकडची माफी मी इथे मागत नाही. ती तुमच्या हातातली नाही, फुंकररावांच्याही नाही, आणि ज्यांच्या हातात होती त्यांची तीन बोटं वाकडी होती.

जाताना एकेक अंक उचला. शेगडीवाल्यांचं नाव मी इथे मुद्दाम घेतलेलं नाही, ते वाचावं लागेल. आज फुंकररावांचा शेवटचा दिवस असूनही पहिल्या पानावर चित्र नाही. नुसती अक्षरं आहेत. ती शेवटपर्यंत वाचा.

नमस्कार.